मुदतीच्या तापाचा आळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला मी एरवी काहीही सांगते. आज सांगते आहे म्हणजे मला काही धीर आला असं समजू नका. धीराचा काही संबंध नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मी लखनौमध्ये एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. एकोणीस वर्षं झाली. नववीच्या वर्गाला रोग कशाने होतात यावर एक धडा असतो, आणि त्यातला एक प्रश्न परीक्षेत हमखास येतो: जिवाणू आणि विषाणू, साम्य आणि फरक. मुलं वहीत मधोमध रेघ मारतात, दोन रकाने पाडतात. मी फळ्यासमोर उभी राहून दरवर्षी तेच सांगते, "दोनों दिखते नहीं, दोनों फैलते हैं, दोनों बीमार करते हैं. बस, यहीं तक भाई-भाई हैं." मुलं हसतात. मग मी फरक सांगते. जिवाणू म्हणजे पुरती जिवंत पेशी, स्वतः खाते, स्वतःच दोनाची चार होते. दह्यात जिवाणू असतात, आपल्या पोटात असतात, सगळेच काही वाईट नसतात. विषाणूला पेशीच नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. अँटिबायोटिकने जिवाणू मरतो, विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. टायफाइड जिवाणूचा. डेंगू विषाणूचा. टायफाइड येतो अन्नापाण्यातून, कुणाच्या तरी हातातून. डेंगू येतो डासातून.

हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. म्हणूनच आधी सांगितलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सासरे गेले त्या वर्षी सुधीर, म्हणजे माझा नवरा, आईंना कराडहून इकडे घेऊन आला. तो बँकेत आहे. आम्ही महानगर नावाच्या भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, कपूरथला मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर. ओंकार तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईंना मीही आईच म्हणायचे. ठेंगण्या, चटपटीत बाई. हिंदी येत नव्हतं, पण पंधरा दिवसांत खालच्या भाजीवाल्याशी त्यांची दोस्ती झाली. "भैया, ही भेंडी जून है," असं त्या सरळ सांगायच्या आणि तो बिचारा कोवळी निवडून द्यायचा. तो त्यांना अम्मा म्हणायचा. मी सहा वर्षं त्याच्याकडून भाजी घेत होते. मला त्याने कधी निवडून दिली नव्हती.

बघा, मी कुठून सुरुवात करते आहे. भेंडीपासून. पण ते तिथूनच सुरू झालं असावं.

मी शाळेतून अडीचला यायचे. टेबलावर ताट वाढलेलं असायचं. गरम पोळी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही. कुठल्या नोकरी करणाऱ्या बाईला हे नको असेल? मला हवंच होतं. आणि तरीही जेवताना माझ्या मनात यायचं, ही बाई मला काय दाखवून देते आहे? ओंकार म्हणायचा, "आजी की दाल तुमसे अच्छी है, मम्मा." घरात आम्ही मराठी बोलायचो आणि तो उत्तर हिंदीत द्यायचा, तशीच सवय. सुधीर नुसता हसायचा. मी त्या हसण्याकडे बघायचे. आईंना त्याने आधी काही सांगितलं असेल का? त्यांनी त्याला काही सांगितलं असेल का?

वैशालीताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, कराडहून रोज दुपारी फोन यायचा. आई गॅलरीत जाऊन बोलायच्या. गॅलरीत का? आत नीट ऐकू यायचं नाही, म्हणून. हे मला आज कळतं. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पातेलं हातात धरून उभी राहायचे आणि माझं नाव येतंय का ऐकायचे. नाव यायचं. "ती दमून येते गं," असं यायचं. तेही मला टोचायचं. दमते म्हणजे काय, मला झेपत नाही असं?

मग मी त्यांच्या स्वच्छतेवर पाळत ठेवायला लागले. मोरीत हात धुवायचा साबण होता. त्या जाऊन आल्या की मी मागून जायचे आणि साबणाला बोट लावून बघायचे, ओला आहे की कोरडा. सांगायला लाज वाटते — बहुतेक वेळा ओलाच असायचा. एक-दोनदा कोरडा लागला असेल. मी ते एक-दोनदा लक्षात ठेवले.

पण आईंचा माझ्यावर जीव होता. एकदा माझ्या केसांना तेल लावता लावता त्यांनी मला त्यांच्या सतराव्या वर्षीची गोष्ट सांगितली. लग्न ठरलं आणि त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. सगळे केस गेले. सासरची माणसं लग्न मोडतील म्हणून त्यांच्या आईने वर्षभर त्यांना डोक्यावरचा पदर खाली घेऊ दिला नाही. माझ्या सासऱ्यांना लग्नानंतर कळलं, आणि ते म्हणाले, "बरं झालं, तेल वाचलं." आई इतक्या हसल्या हे सांगताना. म्हणाल्या, "सुधीरलासुद्धा ठाऊक नाही गं हे. तुला सांगितलं."

मुदतीचा ताप म्हणजे टायफाइड. हे मला लगेच कळलं होतं. नुसतं डोक्यात ठेवलं.

दसऱ्यानंतर ओंकारला ताप आला. एकशे तीन, एकशे चार. डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायचा. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लॅबमध्ये रक्त दिलं, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "विडाल पॉज़िटिव है. टायफाइड की दवा शुरू कर देते हैं." मग त्यांनी विचारलं, "बाहर का कुछ खाया था?"

मी नाही म्हणाले.

खाल्लं होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी मार्केटमध्ये मीच त्याला पानी के बताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, खाऊ घातले होते. दोघांनी मिळून दोन प्लेट. घरी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, कारण आई रागावल्या असत्या. मी नाही म्हणाले आणि लगेच विचारलं, "घर में किसी को बरसों पहले टायफाइड हुआ हो, और वही खाना बनाती हों, तो?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "कैरियर? हो सकता है. बहुत कम होता है, पर हो सकता है."

घरी येताना मी 'हो सकता है' तेवढं आणलं. 'बहुत कम' तिथेच राहिलं.

त्या संध्याकाळी ओंकार आत झोपला होता. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी वर्गात सांगते तशा आवाजात सांगायला लागले. टायफाइडचे जिवाणू काही माणसांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतात, त्या माणसाला स्वतःला काही होत नाही, तो ठणठणीत असतो, पण त्याच्या हातातून ते दुसऱ्याच्या ताटात जातात. यातला एक शब्दही खोटा नव्हता. मग मी सुधीरकडे बघून म्हणाले, "आईंना लहानपणी झालेला आहे." सुधीरने आईंकडे बघितलं. त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला असं कळायला नको होतं.

आईंच्या हातात वरणाचा डाव होता. त्यांनी तो परत पातेल्यात ठेवला नाही, बाजूला ताटलीत ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळं?"

मी हो म्हणाले नाही. मी म्हणाले, "मुद्दाम कुणी करतं का हो, आई."

हे वाक्य मी किती मऊ आवाजात म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं ताट, वाटी, भांडं वेगळं काढून त्यांनी गॅलरीतल्या फळीवर ठेवलं. कढत पाण्याने हात धुवायच्या, इतके की बोटांची पेरं चिरली. ओंकारच्या खोलीत यायच्या नाहीत, दाराशी स्टूल घेऊन बसायच्या. तो तापात विचारायचा, "आजी अंदर क्यों नहीं आ रही?" त्या तिथूनच म्हणायच्या, "बाळा, मी इथेच आहे की."

आणि मी? मी स्वयंपाक करत होते. माझ्या स्वयंपाकघरात. डबे परत माझ्या जागी लावत होते. मुलाच्या तापाची काळजी होती, खरी होती, पण तिच्या खाली कुठेतरी एक समाधान होतं, आणि ते मला चांगलं ओळखता येत होतं.

औषध सुरू करून दोन दिवस झाले तरी ताप हलला नाही. अंगावर बारीक लाल पुरळ दिसायला लागलं. सुधीरच्या बँकेत ऑडिट चालू होतं, म्हणून मीच ओंकारला ऑटोत घालून गोमती नगरला मुलांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते. त्यांनी पोट बघितलं, पुरळ बघितलं, रक्त घेतलं, सलाइन लावून दुपारपर्यंत तिथेच ठेवलं. रिपोर्ट आला तेव्हा मला केबिनमध्ये बोलावलं. "डेंगू है. प्लेटलेट्स गिरे हैं, लेकिन घबराइए मत, सँभल जाएगा. पानी पिलाते रहिए, रोज़ जाँच करवाइए." मी विडालचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सरकवला. "एक विडाल से कुछ साबित नहीं होता, मैडम. दूसरे बुख़ारों में भी पॉज़िटिव आ जाता है. मुझे टायफाइड मानने की कोई वजह नहीं दिखती. एंटीबायोटिक बंद कर दीजिए. कल्चर भेज रहा हूँ, तसल्ली हो जाएगी." मग म्हणाले, "घर में कूलर है?"

कूलर होता. गॅलरीत. पावसाळ्यात बंद केला तो तसाच. आई मला दोनदा म्हणाल्या होत्या, "अगं, त्या कूलरमधलं पाणी काढून टाका एकदा." दोन्ही वेळा मला वाटलं, आता माझ्या घरातला कूलरसुद्धा या बाई सांगणार का? मी मुद्दाम काढलं नाही. मुद्दाम. विसरले असते तर गोष्ट वेगळी होती.

घरी आल्यावर ओंकारला झोपवलं आणि गॅलरीत जाऊन कूलरची जाळी उचलली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. दरवर्षी मुलांना बाटलीत घालून दाखवते त्याच अळ्या. मी ते पाणी बादलीबादलीने काढून गच्चीवर नेऊन तापलेल्या फरशीवर ओतलं. तिसरी बादली घेऊन वळले तर आई दारात. म्हणाल्या, "बरं केलंस. डास होतात त्यात." एवढंच. मी कितीतरी वर्षं या वाक्याचा कीस पाडला. त्यांना कळलं होतं का? मला चिमटा काढत होत्या का? नव्हत्या. त्यांना तसं बोलताच येत नव्हतं. संशय माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता.

संध्याकाळी सुधीर आला. दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

आता ऐका. एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मी म्हणाले, "डेंगू पण निघाला."

पण. डेंगू आहे, असं नाही. डेंगू निघाला, असं नाही. डेंगू पण. टायफाइड आहेच, आणि वर हेही. मला विचार करावा लागला नाही, तो शब्द आपोआप आला. सुधीर कपाळाला हात लावून खाली बसला. "दोन्ही एकदम?" मी म्हणाले, "होतं असं कधी कधी." आई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही.

एकदा 'पण' म्हटल्यावर तो सांभाळावा लागला. टायफाइडचं औषध बंद झालं होतं, पण घरात ते चालू दिसायला हवं होतं. बाटली तशीच टेबलावर होती. आईंनी तिची वेळ पाठ केली होती. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, दाराशी येऊन म्हणायच्या, "औषधाची वेळ झाली गं." मी "हो आई" म्हणून उठायचे, चमच्यात औषध ओतायचे, आत जायचे, आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये सोडून द्यायचे. मग नळ सोडायचा. रिकामा चमचा घेऊन बाहेर यायचं. त्या विचारायच्या, "घेतलं ना?" आठ दिवस. मी दोन्ही वेळा "घेतलं" म्हणायचे.

ओंकार बरा झाला. प्लेटलेट्स चढल्या. कल्चरचा रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. काही उगवलं नव्हतं, म्हणजे रक्तात टायफाइडचा जिवाणू सापडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "देखिए, सिर्फ़ डेंगू था." पळवाट हवी असती तर एक होती: अँटिबायोटिकचे डोस आधीच पोटात गेले असले तर कल्चरमध्ये कधी कधी काही उगवत नाही. पण मला पळवाट लागलीच नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मी तो कागद माझ्या टीचर्स डायरीत ठेवला, आणि सत्र संपल्यावर डायरीसकट रद्दीत दिला.

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं ना? सुधीर म्हणाला, "आईची एकदा टेस्ट करून घेऊ. तिचं मन तरी शांत होईल." कुठली टेस्ट, तुम्हाला कळलं असेल. शौचाची. मला तेव्हा ठाऊक होतं की घरात टायफाइड आलेलाच नाही. त्या क्षणी "जाऊ दे रे, गरज नाही," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. मी म्हणाले, "करून घेऊ."

बाहत्तर वर्षांची बाई. तिने ती डबी लेकाच्या हातात द्यायला नकार दिला. कागदात गुंडाळून, कागद पिशवीत, पिशवी पदराखाली धरून, त्या एकट्या चालत लॅबमध्ये गेल्या. काउंटरवर हिंदीत काय सांगायचं ते त्यांनी मला आदल्या दिवशी विचारून पाठ केलं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. सुधीरचा चेहरा उजळला. आई माझ्याकडे बघत होत्या, त्याच्याकडे नाही. माझ्या तोंडाकडे, निकाल ऐकायला बघावं तसं.

मी म्हणाले, "एकदा निगेटिव्ह येऊन चालत नाही. कॅरियर रोज जंतू सोडत नाही."

हेही खरं आहे. पुस्तकात आहे. त्या आणखी दोनदा गेल्या. दोन्ही निगेटिव्ह. मग मी काहीच बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला. दिवाळी झाल्यावर सुधीरला म्हणाल्या, "मला वैशालीकडे सोड."

जायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आत न येता, आणि बोटाने दाखवत सांगत होत्या, "गोडा मसाला मागच्या डब्यात आहे, पापड वरच्या फळीवर. विरजण लावत जा, ओंकारला घरचंच दही लागतं." मी आत उभी राहून हो-हो म्हणत होते. चारबाग स्टेशनवर गाडी सुटताना त्यांनी ओंकारला जवळ घेतलं नाही. लांबून दोन्ही हातांनी त्याची दृष्ट काढली आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तो हट्टाने डब्यात चढायला निघाला तर म्हणाल्या, "नको, हात लावू नको मला."

का केलं मी हे? कूलरची लाज होती? नवऱ्यासमोर, आणि तीही जीवशास्त्राची बाई असून, चूक कबूल करायची नव्हती? की मला ते घर एकटीचं हवं होतं? मी स्वतःवरही कमी पाळत ठेवलेली नाही. दरवेळी तिन्ही सापडतात, आणि तिन्हींत तिसरं मोठं निघतं.

रविवारी फोन असायचा. आईंचा एक प्रश्न ठरलेला. "ओंकारला परत ताप नाही ना आला?" मी म्हणायचे, "नाही आई." त्या म्हणायच्या, "मग बरोबर आहे." त्या गेल्या आणि ताप आला नाही, म्हणजे ताप त्यांचाच होता. याहून सोपा पुरावा काय हवा? असे किती रविवार गेले. फोन माझ्या हातात असायचा. सुधीर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचा. एक वाक्य लागलं असतं. मी "तब्येतीला जपा" म्हणायचे आणि फोन ओंकारला द्यायचे.

वैशालीताईंनी एकदा मला सरळ विचारलं होतं. "अगं, आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. लसूण सोलून दे म्हटलं तरी नको म्हणते. सोनलचं बाळ आठ महिन्यांचं झालं, त्याला एक घास भरवला नाही तिने. तिकडे काय झालं नक्की?" सोनल ही त्यांची मुलगी. मी म्हणाले, "वय झालं की माणसं जरा चमत्कारिक होतात हो, ताई."

ओंकार आता इथेच कॉलेजात आहे, मिसरूड फुटलेला मुलगा. गेल्या वर्षी त्याला पोटाचं काही झालं तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही मोठं आजारपण? त्याने सहज सांगितलं, "बचपन में टायफाइड हुआ था, दादी से." आजी म्हणणारा मुलगा, परक्या माणसासमोर दादी म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीत होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

आई कराडला चार वर्षं जगल्या. पहाटे झोपेतच गेल्या. कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणत होते.

तेराव्याला वैशालीताईंच्या घरी पंगत होती. माझ्या शेजारी शिंदेकाकू बसल्या होत्या, ताईंच्या शेजारच्या. आई रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, असं कळलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही लखनौच्या ना? शाळेत शिकवता त्या?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "फार सांगायच्या तुमच्याबद्दल. आमच्याकडे कुणाच्या पोराला ताप आला की तुमचंच उदाहरण द्यायच्या. म्हणायच्या, माझी सून शिकलेली म्हणून तिनं वेळेत ओळखलं. नाहीतर माझ्या हातून माझा नातू गेला असता."

समोर सुधीर वाढत होता. त्यानेही ऐकलं. त्याचे डोळे भरून आले आणि तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो, खरं आहे, अशी. शिंदेकाकू थांबल्या होत्या. मी काहीतरी म्हणावं, असं त्यांना वाटत असावं.

मी म्हणाले, "त्यांचा स्वभावच तसा होता."

सुधीरने माझ्या पानात पुरी वाढली. मी ती मोडली आणि खाल्ली.